एका ब्लाऊजची शिलाई

फरहत लहान होती तेव्हा शाळा सुटली की घरी न जाता थेट नारायण पेठेत अब्बांच्या दुकानात यायची आणि कापायच्या टेबलाखाली बसून गृहपाठ करायची. वरून कात्रीचा आवाज यायचा, चिंध्या पडायच्या आणि गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकू यायचं. घरी दखनी आणि दुकानात मराठी, या दोन भाषा तिला बोलता बोलता आल्या. तिसरी, पेठेतल्या टोमण्यांची, मात्र टेबलाखाली बसून शिकावी लागली. "मास्तर, ब्लाऊज दसऱ्याला देतो म्हणाला होतात ते अगदी बरोबर. कुठल्या वर्षीच्या, ते विचारायचं माझंच राहिलं," असं नेहमीच्या गिऱ्हाईक विमलाबाई म्हणाल्या, की त्या अब्बांची बाजू घेत नाहीयेत हे तिला सातव्या वर्षी कळत होतं.

आता ती बत्तीस वर्षांची आहे. टेबलाखालून ती पोटमाळ्यावर गेली, एवढाच फरक. खाली इम्तियाज मास्तर लेडीज टेलर, वर त्यांची मुलगी, तिचा लॅपटॉप आणि एक छोटा पंखा.

ती ॲप बनवते. ॲप एकच, त्याचं नाव मापवही. अब्बांकडे मापांच्या अठ्ठावीस वह्या होत्या, लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याच्या. त्यात छाती, कंबर, मुंढा, बाही, पाठगळा असे आकडे ओळीने लिहिलेले, आणि समोर गिऱ्हाइकाचं नाव. एखादी बाई चार वर्षांनी आली की अब्बा तिची वही शोधायला बसायचे आणि बाई घड्याळाकडे बघायची. फरहत तेव्हा एका मोठ्या कंपनीत नोकरीला होती. सुट्टीच्या दिवशी तिने अब्बांसाठी ही वही फोनमध्ये बसवली. नाव टाकलं की मापं समोर, सोबत कापडाचा फोटो आणि द्यायची तारीख. दुकानात रेंज यायची नाही, म्हणून सगळं इंटरनेटशिवाय चालेल असं केलं. अब्बांचं बघून रविवार पेठेतल्या एका टेलरने मागितलं, मग त्याच्या साडूने, मग कोल्हापूरहून कुणी. दोन वर्षांपूर्वी फरहतने नोकरी सोडली.

ॲप बनवणं सोपं होतं. ते विकायचं कसं, हे मात्र तिला कुणी शिकवलं नव्हतं.

स्टोअरवरून विकलं तर किमतीतला वाटा स्टोअर कापून घेई. शिवाय तिथे पैसे भरायच्या खटपटीत तिचे निम्मे टेलर अर्ध्यावर थांबत. म्हणून तिने आपल्या साइटवरून थेट विकायला सुरुवात केली. फोनवरून सातशे नव्याण्णव रुपये पाठवायचे, ती एक कोड पाठवणार, तो कोड टाकला की मापवही उघडणार, कायमची. पण कायमचं हा शब्द लिहिताना सोपा असतो. दर वर्षी फोन बदलत, त्यांच्या आतली व्यवस्था बदलत असे, आणि सातशे नव्याण्णव एकदाच देऊन बसलेल्या प्रत्येकासाठी तिला पुन्हा पुन्हा काम करावं लागे.

"मग महिन्याची वर्गणी लाव," असं तिला सगळे सांगत. तिने अब्बांना विचारलं.

"आषाढात मशीनवर धूळ बसते," अब्बा म्हणाले. "त्या महिन्याची पण देऊ?"

"जाहिराती लावू का? मग ॲप फुकट देता येईल."

"बाईचं माप घेताना मध्येच फोन गायला लागला तर टेप कुठे धरू आणि फोन कुठे धरू?"

साठवलेले पैसे संपत आले होते. खराडीच्या एका ऑफिसने तिला नोकरी देऊ केली होती आणि पंधरा डिसेंबरपर्यंत हो किंवा नाही कळवायला सांगितलं होतं. हो म्हटलं की मापवही बंद. कारण संध्याकाळच्या उरल्यासुरल्या तासात तीनशे टेलरांचे फोन सांभाळता येत नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

अशा दिवसांत, नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी, तिने कोडांची यादी उघडली. कुठला कोड किती फोनवर चालू आहे हे तिला दिसत असे. बहुतेकांसमोर एक, कुणासमोर दोन. एका कोडासमोर एकसष्ट होते.

कोड हडपसरपलीकडच्या मांजरी गावातल्या कुणा उत्तरेश्वर टेलरने दीड वर्षापूर्वी घेतला होता. एकदा सातशे नव्याण्णव, आणि फोन एकसष्ट. फरहतच्या कानशिलांत रक्त चढलं. तरी तिने सभ्यपणे मेसेज लिहिला, "आपला कोड एकसष्ट फोनवर चालू असल्याचे दिसते. याबाबत आपले काय म्हणणे आहे?"

दहा मिनिटांत उत्तर आलं. आधी हात जोडलेलं चित्र, मग मजकूर: "होय ताई. तुमच्या कृपेने एकसष्ट झाल्या. संक्रांतीपर्यंत आणखी आठ जणी होतील."

तिने तो मेसेज तीनदा वाचला. तुमच्या कृपेने! आणखी आठ! विमलाबाईंना सुद्धा इतकं धारदार सुचलं नसतं. चोरी करायची आणि वर हात जोडून आभार मानायचे. तिने यादीतल्या त्या कोडापुढचं 'रद्द' हे बटण दाबलं आणि लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, पण लग्नसराई असल्याने दुकान उघडं होतं. अब्बा एका शालूच्या ब्लाऊजला अस्तर लावत होते. चहा देताना तिने त्यांना सगळं सांगितलं.

"चोराचा पत्ता आहे?" अब्बांनी विचारलं.

"आहे की. त्यानेच दिला होता."

"मग चांगला चोर आहे. बघू काय लिहिलंय."

अब्बांनी चष्मा वर केला, फोन लांब धरला आणि सावकाश वाचलं. "हा माणूस पुण्याचा नाही," ते म्हणाले.

"मांजरीचा आहे."

"मांजरीत राहत असेल. उत्तरेश्वर हे नाव लातूरकडचं वाटतं. अगं, तिकडे माणूस कृपेने म्हणतो तेव्हा त्याला कृपाच म्हणायचं असतं. आपल्याकडे आभार मानले की माणूस आधी खिसा चाचपतो. सगळीकडे तसं नाही."

अब्बांनी सुई पुन्हा कापडात घातली. "कोड बंद केलास म्हणजे काय होईल?"

"पहिल्या तारखेला प्रत्येक फोन सर्व्हरला विचारतो, कोड चालू आहे का. नाही म्हटलं की मापवही उघडणार नाही."

"आतली मापं?"

"आतच राहतील. दिसणार नाहीत."

"उद्या पहिली," अब्बा म्हणाले. "आणि लग्नं मंगळवारपासून आहेत."

एवढंच बोलून ते टाके घालू लागले. फरहतने स्कूटरची किल्ली घेतली.

मांजरीपर्यंत जाताना तिला दोन्ही गोष्टींची भीती वाटत होती. तो माणूस खरंच चोर निघाला तर मापवही फसल्यातच जमा होती. आणि तो चोर नसला तर? हडपसर मागे पडलं. नव्या इमारतींच्या मध्ये ऊस उभा होता, गॅलऱ्यांमधून साड्या वाळत होत्या. पत्ता विचारत ती एका दुमजली घरापाशी आली. दारावर पत्र्याची पाटी होती, 'उत्तरेश्वर शिवण क्लास, फक्त महिलांसाठी'. वर जिन्यातून मशीनचा आवाज येत होता.

खोलीत आठ मशीन होती आणि भिंतीवर खिळ्यांना ब्राऊन पेपरचे फर्मे, म्हणजे कापड कापायचे नमुने, टांगलेले. कटोरीचा, प्रिन्सेस कटचा, साध्या बाहीचा. तिच्या अब्बांच्या दुकानात अगदी असेच टांगलेले असत, एकेक फर्मा वर्षानुवर्षं वापरून कडेला मऊ झालेला. पन्नाशीचा, गळ्यात टेप घातलेला एक माणूस पुढे आला.

"मी फरहत. मापवहीवाली."

माणूस मागे वळून ओरडला, "अगं ए, मशिनी थांबवा! मापवहीच्या ताई आल्यात. खुर्ची आणा, ती मोडकी नको!"

खुर्ची आली, पाणी आलं. तिला भांडायला आलेल्या माणसासारखं बसताही येईना. तिने मान खाली घालूनच विचारलं, "उत्तरेश्वरभाऊ, एक कोड एका टेलरसाठी असतो. तुम्ही तो एकसष्ट जणींना का दिलात?"

"मग?" त्याला प्रश्नच कळला नाही. "फर्मा इकत घेतला म्हणल्यावर शिकणाऱ्यांना द्यायचा न्हाई? माझे मास्तर होते लातूरला, रंगराव म्हणून. क्लास पुरा झाला की कात्री, टेप आन् एक फर्मा द्यायचे. मी बी तेच देतो. आता जोडीला ह्यो कोड देतो. कात्री, टेप, फर्मा आन् मापवही."

"पण घेताना तुम्ही अटी वाचल्या नाहीत? त्यात लिहिलं होतं."

"इंग्रजीत अकरा पानं होती, ताई. मी मान्य केलं. शिकल्या-सवरल्या माणसानं लिवलंय म्हणल्यावर वाईट कशाला असंल?"

मशीनपाशी बसलेल्या दोघी-तिघी हसल्या. ती अकरा पानं फरहतनेही पूर्ण वाचली नव्हती, कुठून तरी उचलून लावली होती.

तेवढ्यात जिन्यावर चपलांचा आवाज झाला आणि एक बाई धापा टाकत आत आली. कमरेला खोचलेला पदर, हातात फोन. "मास्तर, मापवही उघडंना झालीया! कायतरी रद्द म्हणतीया!"

ही सत्यशीला, उत्तरेश्वरची पहिल्या तुकडीतली विद्यार्थिनी. गावाच्या टोकाला तिचं स्वतःचं मशीन होतं. मंगळवारच्या एका लग्नातली चौदा ब्लाऊजं तिच्याकडे होती, कापडं कापायची बाकी होती आणि चौदा जणींची मापं त्या फोनमध्ये होती. पैकी नवरीची मावशी माप देऊन नाशिकला परत गेली होती.

अजून तीस तारीखच होती. फरहतने तिचा फोन हातात घेतला. वर कोपऱ्यात तारीख दोन डिसेंबर दिसत होती. घरातल्या कुणीतरी कसल्याशा खेळात पुढचा डाव लवकर मिळावा म्हणून फोनची तारीख पुढे ढकलून ठेवली होती. त्यामुळे या एका फोनने विचारायचं ते आधीच विचारून घेतलं होतं आणि त्याला उत्तर मिळालं होतं.

"माझं काय चुकलं का हो?" सत्यशीलाने उत्तरेश्वरला विचारलं. "मी तर कायबी दाबलं न्हाई."

"तुमचं काही चुकलेलं नाही," फरहत म्हणाली. "कोड मी बंद केला. काल. रागाच्या भरात."

तिने आपला फोन काढला, पण रेंज नव्हती. उत्तरेश्वरने गच्चीचा जिना दाखवला. गच्चीवर पापड वाळत घातले होते. त्यांच्या मधून पाऊल टाकत ती कठड्यापाशी गेली, यादी उघडली, तो कोड शोधला. पान उघडता उघडत नव्हतं. मागे सत्यशीला उभी होती. शेवटी नाव दिसलं, समोर एकसष्ट, आणि 'रद्द' हा लाल शब्द. तिने तो काढला. मग सत्यशीलाच्या फोनची तारीख आजची केली आणि मापवही पुन्हा उघडली.

गोल चक्र फिरत राहिलं. पाच सेकंद असतील. मग नावं आली, एकाखाली एक. नवरी, नवरीची आई, करवली. अकरावी ओळ नाशिकच्या मावशीची होती. छाती अडतीस, मुंढा सोळा, आणि शेजारी सत्यशीलाने स्वतः लिहिलेलं, 'पाठगळा लहान पाहिजे, लाजतात.'

"आली," सत्यशीला म्हणाली आणि तिथेच पापडांशेजारी खाली बसली. फरहतही बसली. थंडीतलं ऊन पाठीवर होतं आणि दोघींनाही काही वेळ उठावंसं वाटलं नाही.

खाली आल्यावर तिने उत्तरेश्वरची माफी मागितली. त्याने ती हाताने झटकून टाकली. "आमचे मास्तर बी रागवायचे. रागवले की फर्मा काढून घ्यायचे. सांजच्याला परत खिळ्याला. पण ताई, आता आलाच हाय तर एक इचारू? पैसे भरायचं बटण कुठं लपवलंय?"

"कसलं बटण?"

"दसऱ्याला मशिनीची पूजा झाली की आम्ही मास्तरांना एका ब्लाऊजची शिलाई पाठवतो. ज्याचा फर्मा, त्याला. सोताची पाटी लावली की त्या वर्षापासून, आन् मग दर वर्षी. शिकतानी न्हाई. मास्तर गेले, आता त्यांच्या घरी पाठवतो. ह्या पोरी मला देत्यात. मग म्हणलं मापवहीवाल्या ताईंचं बी द्यावं. तर एकदा पैसे भरले की बटणच गायब. सत्यशीलानं सगळं ॲप उलटंपालटं केलं."

"दोनदा," सत्यशीला म्हणाली.

हे फरहतला माहीत होतं. अब्बा दर दसऱ्याला मशीनला झेंडूची माळ घालून झाली की पाकिटात पैसे भरून त्यांच्या उस्तादांच्या बायकोला भवानी पेठेत नेऊन देत. लहानपणी ते पाकीट कितीदा तिने स्वतः पोचवलं होतं. किती द्यायचे, असं तिने एकदा विचारलं तेव्हा अब्बा म्हणाले होते, "यंदा एका ब्लाऊजचे मी जितके घेतो तितके." हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर होतं, आणि ती दोन वर्षं दुसऱ्या देशांतल्या लोकांच्या किमतींचे तक्ते वाचत बसली होती.

"तुमची शिलाई किती?" तिने सत्यशीलाला विचारलं.

"साध्या ब्लाऊजची दीडशे. अस्तराची अडीचशे."

"माझ्या अब्बांची साडेसहाशे आहे."

"अगं बया!" सत्यशीला म्हणाली. "सोन्याचा दोरा लावत्यात काय?"

पुढचे आठ दिवस फरहत पोटमाळ्यावरून फक्त जेवायला खाली आली. अकरा पानांच्या अटी तिने काढून टाकल्या आणि मराठीत सात ओळी लिहिल्या. शिकत आहात तोवर मापवही फुकट. स्वतःची पाटी लावली की वर्षाला एका साध्या ब्लाऊजची शिलाई. आकडा तुमचा तुम्ही टाकायचा, जो तुमच्या गिऱ्हाइकाला सांगता तोच. ज्यांनी आधी सातशे नव्याण्णव भरले त्यांच्याकडून काही येणं नाही, मनात असेल तर बटण आहे. सातवी ओळ तिने अब्बांकडून घेतली. अब्बा कुठलंही ब्लाऊज शिवताना आत शिवणीत इंचभर माया ठेवत, पुढे बाई अंगाने भरली तर उसवून सैल करता यावं म्हणून. तशी तिने मुदतीनंतर दोन महिन्यांची सवड ठेवली. आणि त्यानंतरही मापं दिसत राहणार, फक्त नवी भरता येणार नाहीत. कुणाचीही मापं कुलपात अडकणार नाहीत, हे तिने त्या ओळीत स्पष्ट लिहिलं.

"लोक खोटा आकडा टाकतील," तिची जुनी सहकारी नम्रता फोनवर म्हणाली. "कुणीही एक रुपया टाकेल."

"टाकतील काही जण," फरहत म्हणाली. तिलाही तीच धास्ती होती. आठ डिसेंबरला तिने नवी मापवही सगळ्यांना पाठवली आणि संध्याकाळपर्यंत फोन उलटा ठेवला.

तो सुलटा केला तेव्हा पहिली शिलाई खालच्या मजल्यावरून आलेली होती. साडेसहाशे रुपये, सोबत मेसेज, "पावती मिळेल काय?" त्याखाली दीडशे, सत्यशीलाचे. मग कोल्हापूरचे तीनशे, रविवार पेठेतले पाचशे, बार्शीचे एकशे वीस. एक रुपयाही आला, दोघांकडून. एका बाईने चाळीस पाठवले होते आणि खाली लिहिलं होतं, "मी फक्त फॉल-पिको करते, ब्लाऊज येत नाही. चालेल का?" फरहतने तिला लिहिलं की चालेल. मांजरीच्या एकसष्टपैकी चौतीस जणींची पाटी लागलेली होती. चौतीस जणींचे आले. उरलेल्या अजून शिकत आहेत असं उत्तरेश्वरने कळवलं, नावांनिशी, न विचारता.

तेराव्या तारखेपर्यंत एवढं जमलं की वर्षभर सर्व्हर आणि घरखर्चातला तिचा वाटा दोन्ही निघावेत. ऐश नाही, पण आषाढही निघून जाईल इतकं. फरहतने खराडीच्या ऑफिसला चार ओळींचं पत्र लिहिलं. नोकरी देऊ केल्याबद्दल त्यांचे आभार मानले, पत्र पाठवण्याआधी एकदा वाचून पाहिलं, आणि आभार खरेच वाटताहेत याची खात्री करून घेतली. मग पोटमाळ्याची खिडकी उघडली. गेल्या कित्येक दिवसांत तिने ती उघडलीच नव्हती.

खाली विमलाबाई आल्या होत्या. ब्लाऊज अर्थातच तयार नव्हतं.

"राहू दे हो मास्तर, घाई कसली. मी काय, नातीच्या लग्नात घालीन. ती दुसरीत आहे," त्या म्हणाल्या. मग वर बघून, "मुलगी नोकरीला लागणार होती ना? लागली का?"

"नाही लागली," अब्बा म्हणाले. "शिलाई घ्यायला लागली."

"अरे देवा," विमलाबाई म्हणाल्या. "म्हणजे आता तीही तुमच्यासारखी मंगळवारी या म्हणणार."

पोटमाळ्यावर फरहत हसली. मग फोन वाजला म्हणून तिने तो उचलला. मांजरीहून मेसेज होता, आधी हात जोडलेलं चित्र आणि खाली एक ओळ, "तुमच्या कृपेने आज एक पाटी लागली." तिने तो एकदाच वाचला.